वडिलांचा सरकारजमा हशा

माझे वडील वारल्यानंतरही बराच काळ दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर हसत असत. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि चहा मागवला. म्हणून आता लिहून ठेवते आहे. वाचताना निदान कुणी मध्येच चहा मागवत नाही. यंदा आईही गेली. घरात ही हकिगत माहीत असलेले आता मी आणि माझा धाकटा भाऊ एवढेच उरलो, आणि भाऊ या विषयावर बोलत नाही. तो व्यवहारी आहे.

रेडिओवरच्या विनोदी गाण्यांचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. मी इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होते, तेव्हा शोधायला वेळ भरपूर होता. संगीताच्या कपाटात नाही, विनोदाच्या कपाटात तर नाहीच. विनोदाच्या कपाटात बहुधा विनोद का होत नाही याची पुस्तकं असतात. पुस्तकात ज्याला विडंबन म्हणतात त्याला आमच्या छत्रीबागेच्या वस्तीत पॅरडी म्हणत. कुणाच्या तरी गाजलेल्या प्रेमगीताची चाल घ्यायची आणि तिच्यात घासलेट भरायचं. प्रियकराने चंद्राकडे पाहून उसासा टाकला होता तिथे रेशनच्या दुकानाकडे पाहून टाकायचा. काम एवढंच, पण लोक त्यासाठी आठवडाभर थांबत.

गुरुवारी संध्याकाळी मजुरांसाठी कार्यक्रम असे. आधी प्रॉव्हिडंट फंड, मग डोळ्यांची निगा, मग कुणातरी अधिकाऱ्याचं भाषण, आणि शेवटी एक पॅरडी. आरती संपेपर्यंत प्रसादासाठी थांबतात तशी सगळी गल्ली प्रॉव्हिडंट फंड ऐकत बसायची. नियम कडक होते. देवाच्या गाण्याची पॅरडी चालत नसे, देशभक्तीच्या गाण्याची चालत नसे. जिवंत पुढाऱ्यावर नको, मेलेल्यावर तर नकोच. मिलमालक, युनियन, पोलीस, सरकार, यांच्यापैकी कुणाचीही थट्टा नको. मग उरले डास, बायको आणि रेशनची साखर. माझ्या लहानपणीचा सगळा विनोद या तीन खांबांवर उभा होता, आणि तो कोसळला नाही हेच आश्चर्य.

या पॅरड्या लिहिणारे आमच्या शेजारचे काका होते. ते मूळचे इंदूरजवळच्या बेटम्याकडचे, घरी माळवी बोलणारे. आमच्याशी त्यांचं मराठी आमच्या हिंदीइतकंच शुद्ध होतं. ते कापडाच्या मिलमध्ये मागावर होते, म्हणजे विणकर. ज्यांनी मागांचं खातं पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं की तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. शेकडो माग एकदम चालतात. तिथली माणसं ओठ वाचून बोलतात, हातवाऱ्यांनी भांडतात. काका पॅरडी तिथेच रचत आणि तिथेच तपासून घेत. शेजारच्या मागावरच्या माणसाकडे तोंड करून नुसते ओठ हलवून गात. त्याचे खांदे हलले की ओळ पक्की. खांदे हलले नाहीत की ओळ रद्द. आमच्या शहरात लोकप्रिय झालेली कितीतरी गाणी अशी आवाजाशिवाय पसंत झालेली आहेत. समीक्षेची याहून चांगली पद्धत मी पुस्तकांत वाचलेली नाही.

बाबा त्याच मिलमध्ये होते, पण फोल्डिंग खात्यात. तयार कापड घडी होऊन बाहेर पडायचं ते तिथून. तिथे शांतता असे, त्यामुळे तिथली माणसं बोलत, गात, आणि मुख्य म्हणजे आवाज काढून हसत. बाबांचं हसणं हा आमच्या नातेवाइकांच्या चिंतेचा विषय होता. ते सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ नुसता श्वास यायचा, जणू शिडी लावतायत. मग एकेक पायरी चढत ते वर जायचं, आणि वर पोचल्यावर बाबा हात हलवून समोरच्याला विनवायचे, "बस, बस, बस." म्हणजे आता पुरे, आता मरेन. माझी आत्या त्यांना सांत्वनाला कुठे नेत नसे. म्हणायची, "हा तिथे हसायचा. याचा भरवसा नाही."

हशा रेडिओवर गेला तो असा. मी तिथे नव्हते, पण ही हकिगत आमच्या ओट्यावर काका आणि बाबांनी आळीपाळीने इतक्यांदा सांगितली की मी नव्हते हे मलाच खोटं वाटतं. कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना वाटलं की पॅरडी नुसती गायली की सुकी वाटते, मागे लोक हसायला हवेत. आणि मजुरांचा कार्यक्रम, तर हसतील तेही मजूरच. ही कल्पना त्या काळच्या मानाने फार क्रांतिकारी होती. मिलमधून माणसं गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या झाडांच्या त्या शांत भागात नेली. स्टुडिओबाहेर चपला काढायला लावल्या. आत गालिचा होता. काकांनी पॅरडी सुरू केली. डासांवरची होती, चांगली होती. काचेपलीकडे अधिकारी कानाला यंत्र लावून वाट बघत बसले. पॅरडी संपली.

अधिकारी बाहेर आले. "आप लोग हँस क्यों नहीं रहे?"

मागवाल्यांपैकी एकजण उभा राहिला. "साहब, हँस तो रहे हैं. पेट दुख गया."

"पर आवाज़ कहाँ है?"

त्या माणसाने इतरांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आवाज़ भी निकालनी है क्या?"

आणलेले सगळे मागांच्या खात्यातले होते. आयुष्यभर खांद्यांनी हसलेले. हसायला आवाज लागतो हे ते कधीच विसरून गेले होते, आणि टेपच्या रिळाला खांदे दिसत नाहीत. साहेबांनी समजावलं, "हाऽहाऽ असं म्हणा." ते प्रामाणिक लोक होते. त्यांनी एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसं, हा-हा-हा म्हटलं. ते ऐकून बाबांना हसू फुटलं. गाडीत एक जागा उरली म्हणून काकांनी बाबांना बरोबर घेतलं होतं, पण डासांवरची पॅरडी त्यांनी ओट्यावर आधीच हसून संपवलेली होती. साहेबांनी बाबांना माइकजवळ ओढलं, मागवाल्यांना पुन्हा हा-हा करायला लावलं, आणि धावत आत जाऊन टेप सुरू केली. बाबा हसत सुटले. रीळ संपेपर्यंत हसले.

त्या रिळावर साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: सामूहिक हास्य. समूह म्हणजे माझे वडील.

तेव्हापासून ते रीळ सगळीकडे वापरलं जाऊ लागलं. पॅरडी कुणाचीही असो, खाली बाबा हसत. मग नाटिकांत हसू लागले, मग शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात, एकदा तर दातांच्या आरोग्यावरच्या संवादात हसले. ओळ संपते, ढोलक थांबायच्या आत शिडी लागते, हशा वर चढतो, आणि "बस, बस, बस." गल्लीतले लोक बाबांना रस्त्यात थांबवून विचारत, "कालचं एवढं काय आवडलं तुम्हाला?" बाबा म्हणत, "मला कुठे विचारतात? परस्पर हसवून घेतात." ते स्वतः रेडिओसमोर गंभीर बसून स्वतःचं हसणं ऐकत, आणि कार्यक्रम संपला की आईला सांगत, "आज जरा जास्तच हसलो मी."

मग देशाने आपली दारं जगासाठी उघडली. वर्तमानपत्रांत तसं आलं होतं. आमच्या मिलचं फाटक त्याच सुमारास बंद झालं, त्यामुळे दारांची एकूण संख्या कायम राहिली. बंद आधी तात्पुरतं होतं. तात्पुरतं या शब्दावर माणसं किती वर्षं काढू शकतात ते मी शब्दकोशात शोधलं नाही, घरात पाहिलं. पुढे मिलचं धुराडंही उतरवलं. काकांना काम मिळालं ते एका नव्या साडीच्या शोरूमच्या दारात. डोक्यावर फेटा, कमरेला पट्टा, आणि गिऱ्हाईक आलं की काचेचं दार उघडून सलाम. "दारं उघडली ना भाभी," ते आईला म्हणत, "तो खोलने को भी तो कोणी पाहिजे."

मिल बंद झाल्यावर काकांनी त्यावर एक पॅरडी लिहून रेडिओकडे नेली. ती परत आली. विषय संवेदनशील होता. मजुरांच्या कार्यक्रमात मिल बंद झाल्याचा उल्लेख योग्य नव्हता. कार्यक्रम मात्र बंद झाला नाही. मजूर राहिले नाहीत आणि मजुरांचा कार्यक्रम राहिला. त्याला आता प्रायोजक मिळाला. पॅरड्यांतून डास आणि साखर गेली आणि शाम्पूच्या पुड्या, थंड पेयं, केबल टीव्ही आले. ज्या सुरावटीत एके काळी घासलेटच्या रांगेचा उसासा होता, तिथे आता कपडे किती पांढरे झाले ते सांगत. थट्टा आणि जाहिरात यांत फरक राहिला नाही, आणि तो राहिला नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खाली बाबा हसत. साबणाची स्तुती झाली की बाबा: बस, बस, बस. माझ्या मते त्या काळातल्या रेडिओवरचा हा एकमेव प्रामाणिक अभिप्राय होता.

बाबा छातीच्या दुखण्याने गेले. दहाव्याच्या आधी एक गुरुवार आला. घर माणसांनी भरलेलं होतं. आत्या मधोमध बसून भावाचे गुण सांगत होती. त्यांत हसण्याचा समावेश नव्हता. आमचा रेडिओ अर्थातच बंद होता, पण काकांच्या नव्हे, दुसऱ्या बाजूच्या भिंतीपलीकडे कुणीतरी लावलेला होता. प्रॉव्हिडंट फंड झाला, डोळ्यांची निगा झाली. मग कुणीतरी नव्या मिक्सरवर पॅरडी गायला लागलं, आणि ओळ संपल्यावर शिडी लागल्याचा तो श्वास आला.

मी आईकडे पाहिलं. बाबा पायऱ्या चढत गेले, वर पोचले, आणि "बस, बस, बस" म्हणाले.

आत्याने तोंडावर पदर घेतला. कुणीतरी म्हणालं, "शेजाऱ्यांना काही रीतभात?" शेजारची बाई स्वतःच धावत आली, ओले हात पुसत. "भाभीजी, माफ करना. मुलांनी लावला. मी आत्ता बंद करते."

आई भिंतीला टेकून बसलेली होती. "राहू दे," ती म्हणाली. "जरा मोठा कर."

आत्या त्यानंतर आमच्याकडे फारशी आली नाही.

तेव्हापासून आईचा गुरुवार ठरला. ती संध्याकाळी केस विंचरून, दिवा लावून, ट्रान्झिस्टर जवळ घेऊन बसे. तिचं गाण्याकडे लक्ष नसे. ती ओळींच्या शेवटांची वाट बघे. कार्यक्रम संपला की आम्हाला सांगे, "आज दोनदाच हसले," किंवा "आज उगीच हसवलं त्यांना, काही नव्हतं त्यात." जणू बाबा कुठे नोकरीवर होते आणि साहेब त्यांना राबवून घेत होता. माझा भाऊ तेव्हा कृष्णपुऱ्याजवळ टेलिफोनचा बूथ चालवत होता. माणसं दूरगावच्या माणसांशी तासन्‌तास बोलतात हे तो रोज बघत होता, पण आईचं त्याला पटत नसे.

"आई, लोक हसतात."

"कोण लोक? तेच हसतात."

"तुला कळत कसं नाही? ती टेप आहे. उद्या बंद पडली तर?"

भाऊ काही दुष्टपणाने बोलला नव्हता, पण ते वाक्य तिच्या मनात बसलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस. रेडिओवाल्यांकडे जा आणि आपल्याला त्यातलं थोडं मागून आण." वाटीभर साखर मागून आण म्हणावं तसं.

मी जाईन जाईन म्हणत राहिले. मग एका गुरुवारी निवेदिकेने आनंदाने सांगितलं की हा कार्यक्रम लवकरच नव्या रूपात, नव्या नावाने, नव्या काळाला साजेसा होऊन येणार आहे. त्या काळात कुठलीही वाईट बातमी नवी असूनच येत असे. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

अधिकारी नवे होते आणि योगायोगाने मराठी, विदर्भाकडचे. त्यांनी मला आदराने बसवलं.

"आपले वडील आमचे कलाकार होते का?"

"नाही. श्रोते होते."

"मग त्यांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे कसं?"

"ते हसले होते."

"कशात?"

"सगळ्यात," मी म्हटलं.

त्यांनी रीळ मागवलं. डब्यावरचं सामूहिक हास्य वाचून त्यांचा चेहरा उजळला. नियम सापडला होता. "हे पाहा, हे एकट्याचं नाही. समूहाचं आहे. तुम्हाला दिलं आणि उद्या बाकीचे आले तर?"

"बाकीचे खांद्यांनी हसले होते."

हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला आणि त्याचा उपयोग झाला नाही. कलाकाराशी करार होतो. हसणाऱ्याशी होत नाही. करार नाही म्हणून बाबा कलाकार नाहीत, कलाकार नाहीत म्हणून मी त्यांची वारस नाही, आणि म्हणून ते हसणं सरकारचं. तर्कात कुठेही भोक नव्हतं. मी वाचलेल्या तर्कशास्त्रापेक्षा ते सरस होतं.

"आणि आता ह्या रिळाचं काय करणार?"

"पुसून दुसऱ्या कामाला. फार घासलंय. आणि आता नवीन हशा आलाय ना, सीडीवर, बाहेरचा. एकदम स्वच्छ. छोटा, मध्यम, मोठा, टाळ्यांसह." माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, शेवटचा एक भाग जुन्या पद्धतीने होणार आहे. त्यात आम्ही हेच वापरू, मी सांगून ठेवतो. तुम्ही घरी टेप करून घ्या. रेडिओ ऐकायला कुणी कुणाला अडवत नाही."

घरी आल्यावर भावाने सांगितलं की हे त्याने आधीच करून पाहिलं होतं. मला आश्चर्य वाटलं. आईला न सांगता त्याने दोन-तीन गुरुवार बूथवर बसून कॅसेट भरली होती. "काही येत नाही त्यात," तो म्हणाला. "ढोलक येतं, पेटी येते. ते कुठेतरी खाली असतात. बाबा म्हणून काही सापडत नाही."

आईने ते ऐकलं आणि भिंतीवर थाप मारून काकांना हाक मारली.

शेवटच्या भागासाठी रेडिओने काकांनाच बोलावलं होतं. जुना कलाकार म्हणून निरोपाला. जुन्या माणसांची किंमत निरोपाला नेहमी वाढते. काका शोरूमवरून आलेले, फेटा काखेत.

"भाऊजी," आई म्हणाली, "या वेळी मध्ये मध्ये जागा सोडा."

"कैसी जागा, भाभी?"

"जिथे तुम्ही गात नाही, वाजवत नाही. नुसती मोकळी. त्यांना पुरेल एवढी."

काकांनी एका काखेतला फेटा दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाले, "साहब बोलेंगे के गाना बीच में मर गया."

"तुमची गाणी आधी कुठे जिवंत होती?" आई म्हणाली. बाबा गेल्यापासून तिने कुणाची केलेली ती पहिली थट्टा होती. काका समाधानाने घरी गेले.

तो गुरुवार आला. भावाच्या टू-इन-वनचा रेडिओ बिघडलेला होता, कॅसेटचा भाग चालू होता. म्हणून आईचा ट्रान्झिस्टर स्टुलावर आणि त्याच्यासमोर टू-इन-वन, एकमेकांकडे तोंड करून बसवले, सोयरीक ठरवायला आलेल्या दोन माणसांसारखे. भावाने खिडक्या लावल्या. गल्लीत जाऊन मुलांना पिटाळलं. गॅस बंद केला, पंखा बंद केला. शेजारी सांगून आला की अर्धा तास कुणी मिक्सर लावायचा नाही. मग आत येऊन आम्हाला बजावलं, "आता कुणी बोलायचं नाही. खोकायचं नाही. आई, रडायचं असेल तर नंतर. मोकळ्या जागेत एकसुद्धा आवाज नको, नाहीतर सगळं वाया." त्याने एवढी तयारी कधी परीक्षेची केली नव्हती.

प्रॉव्हिडंट फंड झाला. ज्यांचा फंड मिलच्या कोर्टकचेरीत अडकला होता त्यांच्यासाठी तो शेवटचा. मग काकांचं नाव घेतलं आणि पेटी सुरू झाली. चाल एका जुन्या विरहगीताची होती, सगळ्यांच्या ओळखीची.

मिल ने कर दी छुट्टी मेरी, फाटक पे है ताला जी,
हँसी मेरी नौकरी पर है, उसका बोलबाला जी.

आणि पेटी थांबली. ढोलकही. पूर्ण शांततेत शिडी लागल्याचा श्वास आला, आणि बाबा हसले. मागे काही नाही, पुढे काही नाही. मी ते तसं एकटं बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आई पुढे झुकली. भावाने तोंडावर बोट ठेवलं, स्वतःच्याच.

ही पॅरडी रेडिओने पास कशी केली ते मला नंतर काकांनी सांगितलं. साहेबांना ती कल्पनारम्य वाटली. माणूस बेकार होतो आणि त्याचं हसणं मात्र सरकारी नोकरीत कायम राहतं, असं थोडंच असतं?

मैं खटिया पे पंखा झलता, वो एसी में सोती है,
मेरी पेशी रोज कचहरी, उसकी एक न होती है.

पुन्हा जागा. पुन्हा बाबा, या वेळी जरा खालच्या पायरीवरून. कॅसेट फिरत होती. भाऊ तिच्याकडे असा बघत होता की ती घाबरून थांबेल असं मला वाटलं. एक कडवं उरलं होतं. काकांनी पेटीवर उगाच एक लांब सूर धरला, माणूस कुणाला तरी डोळा मारायच्या आधी थांबतो तसा.

घरवाली बोली, अब से मैं तो उसके संग ही रह लूँगी,
तुमको देखा बहुत बरस, अब सुन-सुन के मैं सह लूँगी.

पेटी थांबली. श्वास आला. आणि बाबा पहिल्या पायरीवर असताना आई हसली.

ती साधी हसली नाही. बाबा गेल्यापासून जे साठलं होतं ते सगळं एकदम आलं. "मेले भाऊजी," म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबायचा प्रयत्न केला, आणि त्याने आणखीच झालं. भाऊ हातवारे करून तिला थांबवत होता, ओठांनी ओरडत होता, आवाज न काढता, थेट मागांच्या खात्यातल्यासारखा. बाबा वर चढत होते आणि आई त्यांच्याबरोबर चढत होती. त्यांचं संपलं तरी तिचं चालूच राहिलं. निवेदिकेने श्रोत्यांचे आभार मानले, नव्या कार्यक्रमाचं नाव सांगितलं, साबणाची जाहिरात लागली, आणि आई डोळे पुसत हसत होती.

भावाने कॅसेट बंद केली. "वाया गेली," तो म्हणाला. "शेवटची जागा पूर्ण वाया."

"जाऊ दे," आई म्हणाली. "आता गॅस लाव कुणीतरी."

पुढच्या गुरुवारी मी तिच्याजवळ ट्रान्झिस्टर नेऊन ठेवला. तिने तो लावला नाही. नव्या कार्यक्रमात परदेशी लोक इंदूरच्या विनोदांना वेळेवर आणि एकसारखं हसत, असं शेजारून ऐकू यायचं. आईने त्याचीही चौकशी केली नाही. कॅसेट पुन्हा लाव असं ती कधीच म्हणाली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ऐकलं की मी. समोर बसून ऐकलं."

ती गेल्यावर महिन्याभराने मी ती कॅसेट घेऊन आवाज दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात गेले. हल्ली अशी दुकानं असतात. जुनं लग्न, जुनं भजन, काहीही स्वच्छ करून मोबाईलमध्ये घालून देतात. दुकानदाराने कानाला यंत्र लावून सगळं ऐकलं, मन लावून. मग मला पडद्यावर रेघा दाखवल्या.

"मॅडमजी, ये देखो. आदमी की हँसी ये रही, पतली वाली. उसके ऊपर किसी औरत की आवाज चढ़ गई है. दो जगह तो आदमी एकदम साफ मिल जायेगा. तीसरी में औरत को निकालना पड़ेगा. निकल जायेगी, थोड़ा टाइम लगेगा."

मी त्या रेघांकडे पाहत राहिले. एक बारीक, एक जाड, आणि जाड रेघ बारीक रेघ संपल्यावरही पुढे गेलेली.

"नहीं भिया," मी म्हटलं. "पहिल्या दोन जागा काढून टाका हवं तर. तिसरी तशीच द्या."

त्याला वाटलं मला तांत्रिक गोष्ट समजली नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं, जरा सावकाश.